नमुन्याचं पान

३ सप्टेंबर, बुधवार

श्रीराम. आज पोलादपूरच्या जागेत आलो. टेम्पो महाडहून नऊला निघाला, देवांचा डबा मी सबंध वाट मांडीवरच धरला होता. जागा मनासारखी आहे. रस्त्यापासून दहा पायऱ्या वर, म्हणजे पाण्याची भीती नाही. एकवीस सालच्या पुरात महाडचं घर माळ्यापर्यंत भरलं होतं, तेव्हापासून मी जागेला आधी उंची विचारते, मग भाडं. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागची थंड खोली धंद्याची. ह्यांनी कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली ती ह्यासाठीच. पुतणी चैत्राली पुण्याची नोकरी सोडून आली आहे, यंत्रांचं सगळं तीच बघणार. नाव ठेवलं ‘समर्थ होस्टिंग’. बाईच्या नावावर नोंदणी केली की सवलत मिळते, म्हणून मालकीण मी, दहावी पास गोदावरी! हे चहा मागतानासुद्धा ‘मालकीणबाई’ म्हणत होते. खोकला तेवढा कारखान्यातून बरोबर आणलाय, बाकी खुशीत आहेत.

घरमालकीण बनुबाई अंगणापलीकडे राहतात. नारळ दिला तो घेतला, पण म्हणाल्या, पितरांचा पंधरवडा तोंडावर हाय, आत्ता कोण नव्या घरात येतं गो?

५ सप्टेंबर, शुक्रवार

फोन मलाच उचलायचा आहे, म्हणून काय काय लागतं ते चैत्रालीकडून समजून घेतलं. दुकानाचं, शाळेचं, देवळाचं संकेतस्थळ म्हणजे शेवटी कुठेतरी ठेवलेली पानंच. ती ठेवायला जागा द्यायची, हा आपला धंदा. त्याला लागतात कधी न थांबणारी दोन यंत्रं (जुनी घेतली, पण चांगली आहेत), ती गार ठेवायला एसी, वीज गेली तर बॅटऱ्या, बॅटऱ्या उतरल्या तर जनरेटर, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट. आणि नकला. प्रत्येक पानाची एक नक्कल इथे, एक महाडला धाकट्या भावोजींच्या घरी, एक लांब कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या यंत्रात. इथलं पान गेलं तर नक्कल आपोआप येऊन त्या जागी बसते. गिऱ्हाइकाचं काही म्हणजे काही हरवता कामा नये.

मी म्हटलं, म्हणजे विरजण. आपलं नासलं तर शेजारणीकडून आणायचं. चैत्राली म्हणाली, काकू, पुण्यात दोन वर्षं मीटिंगा केल्या, इतकं सोपं कुणी सांगितलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार, प्रतिपदा

पितृपक्षात मुहूर्त करायचा नाही यावर मी अडून बसले. खरी सुरुवात घटस्थापनेला. तोवर हातावर हात ठेवून काय बसायचं, म्हणून चैत्रालीने तोड काढली. पंधरवडाभर लोकांना आपापल्या गेलेल्या माणसासाठी श्रद्धांजलीचं पान फुकट द्यायचं. यंत्रांची परीक्षा होईल आणि आपलं नावही होईल.

लोकांना दाखवायला एक नमुना हवा होता. सासऱ्यांचे फोटो पुरात गेले. इंटरनेटवरचा कोण कुठला माणूस घेऊन त्याला हार घालायचा, हे पाप माझ्याच्याने होईना. फॉर्मांसाठी काढलेले ह्यांचे पासपोर्ट फोटो डब्यात होते. मी नको नको म्हणेपर्यंत हे म्हणाले, लाव माझाच, तेवढ्याने काय मी मरतो? तू मला एवढ्या सहज सोडणार आहेस होय! मग लावला. हार आपोआप आला. ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, ते एका बोटाने टाइप केलं. गेल्याच्या तारखेची जागा रिकामी सोडता येईना, म्हणून आजचीच तारीख राहिली.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी चैत्रालीकडून पान पुसून घेतलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पान परत आलं आहे. नक्कल येऊन बसली असणार, असं चैत्राली म्हणते.

खाली कुणीतरी लिहिलंय. नाते गावचे सदूभाऊ, ह्यांचे कारखान्यातले सोबती. ‘दोस्त गेला. काल खांदा दिला तरी खरं वाटत नाही.’ हे पोट धरून हसले आणि त्यांना फोन लावला. सदूभाऊ नुसते हॅलो हॅलो करत राहिले. मग मी फोन घेतला. सदूभाऊ रडत होते. लाकडं ओली होती, दोनदा रॉकेल टाकावं लागलं, वहिनी तुम्ही दारातून हलला नाहीत. दाराच्या दहा पायऱ्या उतरताना तिरडी कशी तिरकी झाली तेही सांगितलं.

सदूभाऊ ह्या घरी कधी आलेले नाहीत.

मी म्हटलं, अहो, हे इथे बसलेत. ते म्हणाले, वहिनी, डोकं ताळ्यावर ठेवा.

११ सप्टेंबर, गुरुवार

त्रेचाळीस जणांनी लिहिलं आहे. प्रत्येकाने प्रेतयात्रा पाहिली आहे. फोटोवरच्या हाराची फुलं आज कडेने काळी पडलेली दिसतात. चैत्राली म्हणते, हार म्हणजे नुसतं चित्र आहे, ते बदलत नाही.

दुपारी बनुबाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या. सुतकाच्या घरात चूल पेटवू नये म्हणाल्या. हे उंबऱ्याशी पाय पसरून बसले होते. बनुबाई त्यांच्या पायांवरून ओलांडून आत आल्या. मी म्हटलं, थट्टा पुरे झाली. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं.

“कुंकू पुस गो बाय. नाय पुसलंस तर आमी पुसू.”

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बँकेने ह्यांचं खातं बंद केलं, म्हणून हे बँकेत गेले, मी जिवंत आहे हे तोंडावर सांगायला. मी बरोबर होते. खिडकीतल्या बाईने ह्यांच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. ह्यांनी काचेवर हात आपटला, ओरडले. कुणी मान वळवली नाही. शिपाई माझ्यापाशी येऊन म्हणाला, मावशी, दुःख आहे तर घरी बसावं, लोकांना भिववू नये.

बाजारात बायका माझ्या वाटेतून बाजूला होतात. मारुतीच्या देवळात पुजाऱ्याने माझं ताट घेतलं नाही. सुतक आहे म्हणाला.

चैत्रालीने तिन्ही ठिकाणची पानं माझ्यासमोर पुसली. आम्ही जेवून उठेपर्यंत पान हजर. खाली शंभरावर नावं.

१४ सप्टेंबर, रविवार

चैत्राली आज पांढरा ड्रेस घालून आली. ह्यांनी विचारलं, काय गं, काल कुठे होतीस? ती सरळ येऊन ह्यांच्या खुर्चीत बसली. हे त्या खुर्चीत होते. कसेबसे तिच्याखालून निघाले.

मग ती रडायला लागली. काकू, काका असते तर घटस्थापनेला केवढा थाट केला असता. मी तिला गदागदा हलवलं. अगं, तुझ्या पुढ्यात उभे आहेत! नमुना आपणच केला ना, संध्याकाळी तूच पुसलास ना! तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, पान तुम्हीच करायला सांगितलंत, काका गेले त्या दिवशी.

म्हणजे आता फक्त मी.

१५ सप्टेंबर, सोमवार

यंत्रं बंद केली. बटणं, मग वायरी, मग बॅटऱ्यांच्या तारा. जनरेटरची चावी विहिरीत टाकली. आल्यापासून पहिल्यांदा मागची खोली गप्प झाली. फोनवर पाहिलं. पान आहे.

लांबच्या कंपनीला फोन केला, मी मालकीण बोलतेय, आमची नक्कल पुसा. तिथला माणूस अदबीने बोलला. गेलेल्या माणसाचं पान काढायचं तर मृत्यूचा दाखला पाठवा म्हणाला.

ह्यांना कालपासून भूक नाही. अंघोळीचं पाणी ओतलं तर अंग ओलं होत नाही. बोलत नाहीत. खोकतात तेवढंच.

रोज लिहिणार. त्या पानावर लोकांचं लिहिलेलं आहे, इथे माझं असू दे. हे आहेत. आत्ता कॉटवर बसलेत, खिडकीकडे तोंड करून. हे आहेत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बायका आल्या. सात-आठ जणी. माझे हात धरले, बांगड्या उंबऱ्यावर – मनगटाला लागलं आहे, म्हणून अक्षर असं.

बनुबाई म्हणाल्या, हिनंच धरून ठेवलाय त्याला. दुपारचा आमच्या अंगणात खोकतो, आमी काय बहिरं हाव? पोरं पाणी प्यायला भाईर येत नाय.

खोकला ऐकू येतो त्यांना. तेवढाच.

भावोजी उद्याचं सामान घेऊन आले. उद्या दहावा. मी येणार नाही म्हटलं. ते म्हणाले, वहिनी, उचलून नेऊ.

१७ सप्टेंबर, बुधवार

सावित्रीचा घाट. अकरा वाजले. वही पदराखाली आणली. हे आलेत. माझ्या डाव्या बाजूला बसलेत.

पिंड मांडलाय. कावळे समोरच्या आंब्यावर. एकही उतरत नाही. भावोजींनी वचनं दिली – वहिनींना सांभाळू, धंदा चालवू. नाही उतरत.

सगळे माझ्याकडे बघतायत. बनुबाई म्हणतात, सोडला म्हण. येवढंच म्हण, की कावळा शिवंल.

नाही म्हणणार.

साडेबारा. शिव्या देतायत. सदूभाऊसुद्धा – मेल्यावर तरी सुखाने जाऊ दे त्याला, सटवे. चैत्राली वही ओढते आहे. चावले तिला.

हे बोलले. तीन दिवसांनी. म्हणाले, भूक लागली गं.

भाकरी आणली होती – पुढे केली – बघितलीसुद्धा नाही. पिंडाकडे बघतायत –

उठले. मी मनगट धरलं. डाव्या हाताने. उजव्याने लिहितेय. मनगटात वजनच नाही, भिजल्या कागदासारखं –

अहो नका. तो भात तुमचा नाही. घरी चला, घरी मी चूल –

कावळे उडाले. सगळे एकदम. इकडेच –

मनगट सुटलं – ह्यांची बोटं धरलीत – हे पिंडाकडे ओढतायत, कसली ताकद – तीन बोटं – करंगळी अजून माझ्या –