अपात्र संगणकाचा वारस

मी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, धंदा श्रवणयंत्रे बसवून त्यांचा आवाज लावून देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अक्कल शाबूत असल्याचा दाखला दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. दातवालीला डोक्यातले काय कळते, असे माझा मुलगा म्हणेल. त्याला संगणकातले कळते म्हणून सगळेच कळते, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललोच ना! माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. होता, त्याची हकिकत कलम तीनमध्ये आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर गच्चीसह मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. वाटणीवरून भांडायचे झाल्यास रस्त्यावर जाऊन भांडावे. भिंती पातळ आहेत आणि शेजारीणबाईंना मीच चांगले यंत्र बसवून दिलेले आहे.

२. बँकेतील शिल्लक मुलीला. माझी दुखणी तिने काढली. मुलगा फोनवर "काळजी घे" म्हणत असे. ती मी घेतली.

३. दुकानातील जुना संगणक. यासंबंधी सविस्तर लिहिणे भाग आहे.

जुन्या श्रवणयंत्रांना वायर आणि जोडणीची डबी लावून, ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे आवाज कमी-जास्त करावा लागतो. ते काम करणारा प्रोग्राम फक्त या संगणकावर चालतो. एके दिवशी पडद्यावर पाटी आली: नवी आवृत्ती आली आहे, आपला संगणक तिच्यासाठी पात्र नाही. पात्र! सकाळी बटण दाबले की संध्याकाळपर्यंत मुकाट राबणारा, आणि अपात्र. उद्या कुकरलाही परीक्षेला बसवतील.

पाठोपाठ यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचा टायवाला आला. म्हणाला, "मॅडम, आमचा नवा प्रोग्राम नव्या आवृत्तीवरच चालतो. आणि त्यात जुनी मशीनं नाहीत. सपोर्ट संपला."

"मग ती घालणाऱ्या माणसांनी काय करायचं?"

"अपग्रेड."

जणू कान म्हणजे पायातली चप्पल. मी त्याला पाणी दिले आणि दार दाखवले. संगणकाची इंटरनेटची वायर उपटून टाकली आणि कामाला लागले.

मग चिरंजीव सुट्टीवर आले. मी मुलीकडे दोन दिवस गेले होते. परत येऊन पाहते तो टेबलावर एक पापडासारखा पातळ नवा संगणक, आणि जुना गायब.

"सरप्राइज!" मुलगा म्हणाला. "तो डबा भंगारात दिला. आई, त्याला सिक्युरिटीच नव्हती."

"वायरच नव्हती रे. चोर येणार कुठून? भिंतीतून?"

"तुला कळत नाही, आई. जग पुढे जातंय."

"जाऊ दे की. जाताना माझं टेबल कशाला साफ करतं?"

त्या पातळ संगणकाला माझी वायर लावायला भोकसुद्धा नव्हते. मी पायात चप्पल अडकवली आणि भंगारवाल्याकडे गेले. पंखे आणि पत्र्यांच्या ढिगावरून तो खाली उतरला.

"ताई, तो तर सकाळीच गेला. पलीकडच्या गल्लीतल्या कानवाल्यांनी नेला. पोत्यात घालून, स्वतः उचलून."

पलीकडच्या गल्लीतला कानवाला म्हणजे माझाच धंदा करणारा गृहस्थ. बाईंकडे मशीन घेतलं की कानात शिट्ट्या फुकट, असे तो गिऱ्हाइकांना सांगत असे. त्याच्याकडे कान न्या आणि बहिरे होऊन या, असे मी सांगत असे. वीस वर्षे आम्ही एकमेकांना पाहून रस्ता बदलत होतो.

त्याचा जिना चढले. माझा संगणक त्याच्या टेबलावर सुरू होता आणि समोर खुर्चीत माझेच गिऱ्हाईक, कोपऱ्यावरचा शिंपी, कानात वायर घालून बसला होता. मला पाहून बिचारा चोरासारखा उठून उभा राहिला.

"तो संगणक माझा आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे. तुमच्या लोकांची नावं आहेत त्यात. मी उघडली नाहीत."

"मग शिंपीदादांचं मशीन कसं लावताय?"

"विचारून. येतंय का ऐकू, येतंय का, करत." त्याने चष्मा पुसला. "माझा मागच्या महिन्यात जळला. हा भंगारात दिसला तेव्हा वाटलं, बाई गेल्या."

"म्हणजे? वारले?"

"छे हो. नव्या आवृत्तीवर गेल्या."

"त्यापेक्षा वारलेली बरी."

तो हसला. मी हसणार नव्हते, पण हसले. मग शिंप्याची नोंद उघडली आणि कानवाल्याला म्हटले, उजव्या कानाचा बारीक आवाज दोन घरे वर घ्या. त्याने निमूट घेतला. शिंप्याने मान वर केली.

"हा पंखा एवढा कुरकुरतो?"

"पहिल्या दिवसापासून," कानवाला म्हणाला.

संगणक माझ्या दुकानात परत आला, आणि मागोमाग दर मंगळवारी-शुक्रवारी आपले जुने लोक घेऊन तोही येऊ लागला. हात सफाईदार आहे. वीस वर्षे मी उगाच बदनामी केली असे म्हणणार नाही. निम्मी खरी होती.

म्हणून सदर संगणक, त्याची वायर, डबी व सर्व नोंदी मी पलीकडच्या गल्लीतील कानवाल्यास देत आहे. जुने यंत्र घातलेला एक जरी माणूस दुकानात येत असेल, तोवर दुकानाची जागाही त्यानेच बिनभाड्याने वापरावी. पुढे ती मुलीची. माझ्या मुलाने या संगणकाला हात लावू नये. पुसायलासुद्धा.

४. पातळ संगणक मुलास, खोक्यासह परत. त्याच्यावर ती पाटी यायला फार वर्षे लागणार नाहीत. तेव्हा त्याने कोणाला तरी विचारावे, माझे काय चुकले?

५. टायवाल्यास काही नाही. पाणी दिले होते.

६. शेवटची सूचना. माझ्याही दोन्ही कानांत जुनीच यंत्रे आहेत. मी अंथरुणाला खिळले की कोणीतरी शहाणे म्हणेल, आता कशाला हवीत, काढून ठेवा. काढू नयेत. सेल बदलत राहावे. खोलीत कोण रडते आहे आणि कोण फोनवर फ्लॅटचा भाव विचारते आहे, हे मला अखेरपर्यंत ऐकू यायला हवे. मुलगा आला तर त्याने जवळ बसून हळू बोलावे. ओरडायची गरज नाही. त्याचा आवाज मला नेहमीच नीट ऐकू येत होता.

हे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. या दोघांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, म्हणूनच त्यांना बोलावले आहे.

सही: (लिहून देणार)

साक्षीदार: दाताच्या डॉक्टरीणबाई (सही वाचता येणार नाही, तरी खरी आहे)

साक्षीदार: भंगारवाला (सही स्वच्छ अक्षरात)

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १६ जून २०२५, सोमवार