तिरके खांब सामान समजून न तोडणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
नूतनीकरण विभाग, दुसरा मजला.

विषय : तळमजल्याचे तिरके खांब 'इतर वस्तू' म्हणून न हटवणे व खुल्या प्रकारातील फाइलींची देवाणघेवाण सुधारणेबाबत.
संदर्भ : आपले उत्तर, "सदर ठिकाणी खांब आढळत नाहीत."

महोदय,

१. अर्जदार याच इमारतीत, संरचना शाखेत आराखडे काढते. शाखेचे सॉफ्टवेअर एक, आपले दुसरे. दोन्हींना वाचता यावी म्हणून फाइल खुल्या प्रकारात पाठवली जाते. व्यवस्था चांगली आहे. तीनही तिरके खांब त्या फाइलमध्ये खांब म्हणूनच आहेत. परंतु आपल्या सॉफ्टवेअरला खांब सरळ उभाच ठाऊक. तिरका दिसला की ते त्याला गुपचूप 'इतर वस्तू' या सदरात, कपाटे आणि कुंड्यांशेजारी नेऊन ठेवते.

२. आपण तळमजल्यावरील सर्व 'इतर वस्तू' हटवण्याचा आदेश दिला. कपाटे गेली, कुंड्या गेल्या, काल एक खांबही गेला. "बाई, एवढं जड कपाट जन्मात फोडलं नाही," असे मुकादम म्हणाला. पण हुकूम तो हुकूम.

३. अर्जदाराने फाइल पुन्हा पाठवली. आपल्याकडे ती पुन्हा तशीच उघडली. खाली येऊन खांबाला हात लावून पाहावा, अशी विनंती केली असता, आराखड्यात नसलेल्या खांबाची पाहणी करता येत नाही, असे कळवण्यात आले. कागदी घोडे पुष्कळ धावले, जिना मात्र कोणी उतरले नाही.

४. या खांबांच्या वर कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पाळणाघर आहे आणि त्याच्या वर आपले दालन. सकाळपासून पाळणाघराचे दार लागत नाही. आयाबाईंनी सुताराकडून ते तासून घेतले, तरी ते पुन्हा अडले. दार फुगलेले नाही, चौकट वाकली आहे. मुले बाहेर काढा म्हणून अर्जदाराने हात जोडले. लेखी आदेशाशिवाय पाळणाघर रिकामे करता येत नाही, असे आयाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. अर्जदाराने त्या मुलांतल्या स्वतःच्या भाचीला उचलून बाहेर आणले. बाकीची मुले अर्जदाराची कोणी लागत नाहीत, म्हणून ती नेऊ दिली नाहीत. याची तिला लाज वाटते, आणि भीती त्याहून जास्त वाटते.

५. तरी पाळणाघर तत्काळ रिकामे करून काम थांबवावे. पुढे, सॉफ्टवेअरला जे ओळखता येत नाही ते त्याने तसे स्पष्ट सांगावे, आणि बदललेली फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिल्याखेरीज तोडण्याचा आदेश निघू नये. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही.

६. आदेश येईपर्यंत अर्जदार दुसऱ्या खांबाला पाठ लावून बसली आहे. मुकादमाने घण खाली ठेवला आहे, तो जेवणाच्या सुट्टीपुरता. पाठीला मधूनच हादरा जाणवतो.

आपली नम्र,
आराखडाकार, संरचना शाखा
दिनांक : आजच, सुट्टी संपण्यापूर्वी

सोबत :
१. तिन्ही खांबांचे हाताने काढलेले चित्र.
२. हा अर्ज लिहीत असताना छतातून पडलेला काँक्रीटचा तुकडा. तो पाहण्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.