कोपऱ्यातला तांबडा ड्रम

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचा! ऑइलच्या गोदामात लागलो. गाड्यांचं इंजिन ऑइल, कारखान्यांचं गिअर ऑइल, ग्रीस, डिझेल, सगळ्या भागाला माल इथूनच जातो. राहायला वरची खोली. माझ्या पायाला भिंगरी, पण इथं टिकणार, असं आईला फोनवर ठणकावून सांगितलं. ती हसली. म्हणाली, वीसला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेवढा ये बाबा. जाणार म्हणजे जाणार.

५, बुधवार
गोदामाचे काका काम शिकवतात. सकाळी आल्या आल्या बोटं मुडपून प्रत्येक ड्रम ठोकायचा. भरलेला थप्प बोलतो, रिकामा टण्ण. कोपऱ्यातला तांबडा तेवढा ठोकायचा नाही. मी म्हटलं, का हो, जावई आहे का तुमचा? काका हसले नाहीत. इथं कुणीच हसत नाही.

८, शनिवार
हाताला सवय झाली. ठोकत ठोकत गेलो आणि तांबडाही ठोकून बसलो. टण्ण. रिकामाच की! काकांनी पाहिलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, आता तू रजा मागणार नाहीस.

११, मंगळवार
ड्रम पायावर आला. नख निघालं. दुखलं नाही. ड्रायव्हरनं त्याचा चेचलेला अंगठा दाखवला. त्याचाही दुखला नव्हता म्हणे. मालक आमच्यावर खूश असतात. कुणी घरचं नाव काढत नाही.

१४, शुक्रवार
आई फोनवर रडली. भीती वाटते म्हणाली. मी ऐकत होतो. नुसता ऐकत होतो.
खाली येऊन तांबडा ठोकला. थप्प.
मग माझी छाती ठोकली. टण्ण.

१७, सोमवार
ड्रमला कान लावला. आत कुणी रडतंय. आवाज माझा. येतो गं आई, येतो गं —
काकांना सांगितलं. म्हणाले, नवा माणूस आला की नवा तांबडा ठेवतात. माझा मागच्या शेडमध्ये आहे, भरलेला. बूच उघडलं की सगळं परत मिळतं.
मग तुम्ही का नाही उघडलं?
म्हणाले, उघडावंसं वाटायला पाहिजे ना.

१९
पाना घेतला. बुचाला लावला. आतून धडका —
मी उभा.
पाना पुसून जागेवर ठेवला.

२०
फोन वाजतोय. स्क्रीनवर आई असं लिहिलंय. आज काहीतरी होतं —
असा फोन उचलतात बहुतेक.
आधी ड्रम ठोकून घेतो, मग