डोक्याचा स्वच्छ फोटो

३ मार्च
आज उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली! चौदा वर्षं चष्म्याच्या काचा घासतेय, असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक जिन्यावर अडखळलं म्हणे. मालक ओरडले नाहीत — नुसते बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

६ मार्च
‘कात्री’ हा शब्द आठवेना. समोर पडलेली! “ते कापायचं दे,” म्हटलं. शेजारच्या टेबलावरची हसली. मीही हसले. मग संडासात जाऊन रडले.

९ मार्च
ताईला फोन केला. मला ल्यूपस होऊन चार वर्षं झाली — शरीर आपल्याच अंगावर उलटतं तो आजार. सांधे, चट्टे, गळणारे केस — तिला सगळं पाठ आहे. आज नवीन सांगितलं: भिंतीपलीकडे दोघं असतात, माझ्याबद्दल बोलतात.
ती म्हणाली, “एकटी राहतेस ना, मन खातं. चार दिवस ये इकडे.”
म्हणजे मनाचे खेळ! फोन ठेवून दिला.

१४ मार्च
विसरायला होतंय म्हणून सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा एमआरआय करायला लावला. भिंतीपलीकडचं त्यांना बोलले नाही. कानातले, पिना, सगळं काढून ठेवलं. “अजिबात हलू नका हं.” डोकं नळीत, आणि वरून ठणठण — पत्र्याच्या पिंपात बसवून कुणी हातोडे मारावेत तशी.
गंमत म्हणजे तेवढा वेळ ती दोघं बोलली नाहीत. अर्धा तास किती बरं वाटलं!

१५ मार्च
फोटो स्वच्छ. मालक म्हणाले, “चला, डोक्यात काही नाही म्हणजे!” हसायला हवं होतं.
डोक्यात काही नाही, तर मग हे आहे तरी कुठे?

१९ मार्च
ताई आली. खिडक्यांना चिकटवलेले कागद बघून तोंडावर हात ठेवला. “अगं, हे काय करून ठेवलंस?” जणू तिला माहीत नाही! भिंतीपलीकडे निरोप तीच पोचवते — आज कळलं. घराची किल्ली परत घेतली तिच्याकडून.

२१ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे तारीख होती. आज त्या दोघांचं सांगून टाकलं. घरी सोडलंच नाही, भरती करून घेतलं.
“फोटो स्वच्छ म्हणजे मेंदू बरा, असं नसतं. ल्यूपस मेंदूपर्यंत गेला तरी कधी कधी फोटोत काही दिसत नाही. एका तपासणीनं ठरत नाही. बाकीची कारणं एकेक करून खोडावी लागतात.”
“म्हणजे मी वेडी नाही?”
“तुम्ही आजारी आहात.”
अर्जावर ‘जवळची व्यक्ती’ असा रकाना होता. कोरा सोडला.

२३ मार्च
पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला काढलं. कुशीवर, गुडघे पोटाशी. नर्सचा हात धरला — दुसरा कुणाचा धरणार?

२४ मार्च
समोरच्या खाटेवरच्या आजींकडे गोतावळा. माझ्या खाटेजवळची खुर्चीही तेच घेऊन गेले.

२६ मार्च
निदान झालं. जंतू नाहीत. पाठीच्या पाण्यात सुजेच्या खुणा आहेत. रक्तातल्या खुणाही ल्यूपसकडेच बोट दाखवतात. सांध्यांसाठी घेते त्या स्टेरॉइडनंही भास होतात म्हणे, पण माझे सुरू झाले ते डोस कमी केल्यावर. आता तेच औषध मोठ्या मात्रेत, सलाइनमधून.
ल्यूपस मेंदूवर आलाय. आणि मला हायसं वाटलं! ऐकणाऱ्यानं काय म्हणावं?

३१ मार्च
ती दोघं गेली. कालपासून एक अक्षर नाही.
आता ताईचा राग येतोय. सख्खी बहीण, आणि इतक्या दिवसांत एकदा डोकावलीसुद्धा नाही. भांडण काय, होतं. म्हणून मेलेय की जगतेय हेही बघू नये?

२ एप्रिल
नर्सला सहज विचारलं, मला भेटायला कुणी आलं नाही ना? ती चमकली.
“रोज येतात की तुमच्या ताई! जुन्या केसपेपरवर नंबर होता, आम्हीच फोन केला. सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून असतात. तुम्हीच सांगितलं होतं — तिला आत सोडू नका, ती विष घालते म्हणून.”
मला काहीच आठवत नाही.
नर्स बोलवायला गेलीय. खुर्ची नाही. पाय जवळ घेतलेत — तिला बसायला जागा हवी.