धुलाईघरातला निळा कप

फुट्सक्रे, मेलबर्न, ८ फेब्रुवारी १९९३

ती. मर्लताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईला एप्रिलमध्ये ऐंशी पूर्ण होतात आणि तू गावच्या बोल्स क्लबात, त्या हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्यात, जेवण ठरवलंस, छान केलंस. पाव्हलोवा केक तूच करणार म्हणजे मधोमध खचणार, तेव्हा क्रीम जास्तीचं आणून ठेव.

मी येईन, पण एका अटीवर. गेल्या नाताळात तुम्ही सगळे फुलांच्या कपांतून चहा प्यालात आणि मला निळा कप मिळाला. तो धुलाईघराच्या फळीवर वेगळा असतो आणि आई तो ब्लीचने धुते, हे मी पाहिलं. ब्लीचचं मला कुणी शिकवायला नको. नव्या सुया मिळत नव्हत्या तेव्हा आम्ही जुन्या ब्लीचनेच धुवायचो. मी अजून नशेची सुई घेते, तुझ्यापासून लपवलेलं नाही. पण दुसऱ्याची वापरलेली कधीच नाही, आणि आता तर इतरांना नव्या सुया देणारं केंद्र आम्ही सुई घेणारेच चालवतो. रक्त दरवर्षी तपासते, एचआयव्ही नाही. असता, तरी तो कपातून कुणाला लागला नसता. मला फुलांचा कप मिळणार नसेल तर मेणबत्त्या माझ्याशिवाय विझवा.

थोरलीचा लोभ आहेच, त्यात काटकसर करू नकोस.

तुझी रोंडा


वारानूक, १ मार्च

चि. रोंडा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती टोमॅटोची चटणी ढवळत राहिली. तिच्यापुढे माझं काही चालत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

इथलं नवीन ऐक. क्लबाच्या अध्यक्ष कोरलीबाई तुला आठवतात ना, ज्यांनी तुला क्लबाच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं? त्यांना क्लबाच्या हिरवळीच्या कडेला कुणीतरी टाकलेली सुई सापडली. कुणाला टोचू नये म्हणून बाई तिच्यावर टोपण बसवायला गेल्या आणि स्वतःच्याच बोटात टोचून घेतली. डॉक्टर म्हणाले की धोका फार थोडा आहे, पण नक्की कळायला तीन महिने लागतील. गावाला तेवढं पुरलं. शनिवारी क्लबात त्यांनी भाजून आणलेल्या स्कोन पावांना कुणी हात लावला नाही आणि त्यांना चहा कागदी कपातून दिला. तेव्हापासून बाई घराबाहेर पडत नाहीत. मी भेटायला गेले तर त्यांनी विचारलं की तुझी बहीण हे कसं सोसते. काय सांगू?

उत्तर लवकर पाठव, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई


फुट्सक्रे, ९ मार्च

ती. मर्लताईस,
सा. न. वि. वि.

खरं सांगते, वाचून आधी हसू आलं. मग मात्र जेवण गेलं नाही. टोपण परत बसवायला जाणं ही नवख्याची चूक. आमच्याकडे पहिल्याच दिवशी सांगतात की वापरलेली सुई टाकायच्या डब्याकडे न्यायची नाही, डबा सुईपाशी न्यायचा.

बाईंना सांग, घरात बसू नका. जितकं बसाल तितका उंबरा उंच होतो. नेहमीच्याच खाटकाकडे जा, गर्दीच्या वेळी जा, आणि तो बघेपर्यंत हलू नका. इथला औषधवाला पूर्वी माझी पिशवी लांबून सरकवायचा. मी दर वेळी थांबून त्याचे आभार मानायचे. आता तो माझ्या कुत्र्याची चौकशी करतो.

आमच्या केंद्रात घरातून हाकललेली माणसं येतात. आम्ही त्यांना सुईबरोबर खुर्ची देतो, चहा देतो, नावाने हाक मारतो. लाज वाटली तर माणूस येत नाही, आणि आला नाही तर पडेल ती सुई वापरतो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी वर्षभरात एकालाही एचआयव्हीची नव्याने लागण झालेली नाही. ताई, मला आमचा अभिमान आहे, आणि हे मी मान वर करून लिहिते आहे.

बाईंना माझा नंबर दे. त्यांचे स्कोन मी एकटी संपवीन म्हणावं.

आहे तो लोभ राहू दे, थोडा बाईंनाही दे.

तुझी रोंडा


वारानूक, २८ मार्च

चि. रोंडास,
आईचा आशीर्वाद.

मर्लने तुझं पत्र वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावून स्वतः वाचलं.

काल मी कोरलीचा हात धरून क्लबात गेले, भर गर्दीच्या वेळी. तिला पुन्हा कागदी कप आला. तिने एक घोट घेतला, तेवढ्यात मी तो काढून घेतला, उरलेला चहा पिऊन टाकला आणि माझा कप तिच्यापुढे ठेवला. सगळ्या बघत राहिल्या. मी म्हटलं, बघता काय, माझी धाकटी मेलबर्नला माणसं वाचवते, हे तिनं शिकवलंय मला. गावात तुझं नाव मी किती वर्षांनी घेतलं. घेताना फार बरं वाटलं.

घरी येऊन फळीवरचा निळा कप काढला. तो तुझ्या हातात देताना मला काही वाटलं नव्हतं, याचं आज वाईट वाटतं. आता सकाळचा चहा मी त्यातूनच पिते. वाढदिवसाला ये, लोभ आहे की नाही ते डोळ्यांनी बघ. फुलांच्या कपांतला हवा तो घे. निळा मात्र मागू नकोस, तो आता माझा आहे.

तुझी आई