पाण्याची पाळी

प्रिय मामा,

हे ‘प्रिय’ लिहायला मला जड गेलं. जिवंत होतात तेव्हा तुम्हाला नीट ‘या, बसा’सुद्धा म्हटलं नाही, आणि आता प्रिय! पण पत्राची सुरुवात अशीच करतात असं सुमन म्हणते. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्ही समोर असता तर मी पुन्हा भांडले असते. कागद उलटं बोलत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही गेल्याचं आम्हाला परवा कळलं. तुमच्या सिनेमाच्या युनिटमधले आवाज घेणारे शिंदे एसटीनं भुकूमला उतरले, विचारत विचारत आमच्या बौद्धवस्तीत आले आणि ओट्यावर टेकून म्हणाले, मामा गेले, दीड महिना झाला. ते आणखी कशाला आले होते ते पुढं सांगते. आधी माझं मला बोलू द्या.

दोन वर्षांमागं तुम्ही काढत होतात त्या सिनेमाचं शूटिंग आमच्या माळावर आलं तेव्हा सगळं गाव नटीला बघायला लोटलं होतं. आमची सुमनही गेली. नुकतीच मॅट्रिक झालेली. बघता बघता ती मोठ्यानं बोलून गेली, की बाईंनी काल पदर डावीकडं खोचला होता, आज उजवीकडं खोचलाय. लोक हसले, नटी फणकारली. तुम्ही, सगळ्या युनिटचे मामा, तेवढे हसला नाहीत. एक वही आणून तिच्या हातात दिलीत आणि सांगितलंत, दिसेल ते लिही. कालचं आणि आजचं जुळतंय का ते बघायचं. नुसतं बघण्याचंही काम असतं, हे मला तेव्हा कळलं. पोरगी घरी आली ती उडतच.

पण वहीच्या जोडीला तुम्ही तिच्या हातात तांब्याही दिलात, ते मला कुणी सांगितलं होतं? तुमच्याकडं नवीन येईल त्यानं पहिले आठ दिवस सगळ्या युनिटला पाणी द्यायचं, ही तुमची रीत. आमच्याकडं शेताला पाणी घ्यायची पाळी असते, तो शब्द तुम्ही गावात ऐकलात आणि ह्यालाही पाण्याची पाळी म्हणायला लागलात. सुमन घरी बोलली नाही. आई चिडेल असं तिला वाटलं. बरोबरच वाटलं.

पाचव्या दिवशी मी तिची भाकरी घेऊन माळावर आले.

मामा, माझा बाप गावकी करत करत म्हातारा झाला. हाक आली की उठायचं, सांगेल ते करायचं, आणि तहान लागली की लांब उभं राहायचं. दीक्षा घेतली तेव्हा त्यानं ते सगळं टाकलं. आणि त्याची नात खुर्च्यांवर बसलेल्या माणसांपुढं वाकून पेले धरत होती! मला त्यापुढचं काही दिसलंच नाही.

“सुमे, ठेव तो तांब्या खाली. तुझ्या आज्यानं गावकी सोडली ती ह्यांची करायला न्हाई.”

शॉट चालू होता हे मला काय माहीत? शिंद्यांनी कानावरची डबडी काढून आपटली. मी पोरीचं मनगट धरलं आणि घरी आणली.

संध्याकाळी तुम्ही आलात. ओरडाल असं वाटलं होतं, मी तयारीत होते. तुम्ही खाली बसलात, सुमनकडून पाणी मागून घेतलंत, आणि मला म्हणालात,

“बाई, सिनेमात अर्ज करून काम मिळत नाही. कुणीतरी नाव घ्यावं लागतं. तिचं नाव मी घेईन, पण मी एकटा किती दिवस पुरणार? आणि पाणी दिल्याशिवाय लाइटवाला कुणाला आपलं नावसुद्धा सांगत नाही.”

मी विचारलं, “तुमच्या घरातल्या पोराला लावलं असतं का?”

“पुतण्याला लावलं होतं. चौथ्या दिवशी पळाला. तुमची पोरगी पाचव्यालाही होती.”

मला हसू आलं होतं, पण दाखवलं नाही. उठून आत गेले. तुम्ही किती वेळ बसलात तेही बघितलं नाही.

पुढं सुमननं सांगितलं, की पहिल्या दिवशी तुमच्याच एका माणसानं तिच्या हातचा पेला नको म्हटला होता. तुम्ही त्याला म्हणालात, मग तहानलेला राहा, दुसऱ्याच्या हातचं मिळणार नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट प्याला. हे तुम्ही मला त्या संध्याकाळी का नाही सांगितलंत? का मीच बोलू दिलं नाही?

नंतर दोनदा तुम्ही पौडला आलेल्या माणसाकडून तिला कामावर यायचा निरोप धाडलात. दोन्ही वेळा मी सांगितलं, ती आजोळी गेलीय. ती आत, गावच्या बालवाडीत शिकवायला लागली होती तिथल्या पोरांसाठी, कागदाची फुलं कापत होती. ऐकत होती. तशीच कापत राहिली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता शिंदे कशाला आले ते. पुण्यातली दोन नवी पोरं पहिलाच सिनेमा करतायत, त्यांना वही लिहिणारं माणूस हवंय. शिंद्यांनी सुमनचं नाव घेतलं. ज्यांचा शॉट मी नासवला, त्यांनी! मी विचारलं, हीच का? तर म्हणाले, “इतकी वर्षं काम करतोय, तुमचं गाव कुठलं असं मला हिच्याशिवाय कुणी विचारलं न्हाई.” लाइटवाले पण तिची आठवण काढतात म्हणे. पाच दिवसांत एवढं? आठ पुरे झाले असते तर काय झालं असतं, मामा?

मी शिंद्यांना स्पष्टच विचारलं, तिथं पाणी द्यावं लागंल का? ते म्हणाले, छे, मामा गेले तशी ती रीतही गेली.

दारात उभी असलेली सुमन म्हणाली, “मी देणार हाय. त्याबिगर तितं मला कोण वळखणार?”

तेव्हा मला कळलं, की तुम्ही तिला काय शिकवलं होतंत. मला ते दोन वर्षांनी कळलं, तिला पाचव्या दिवशीच कळलं होतं. चूक माझी होती असं सगळंच मी म्हणणार नाही. जे मी लहानपणापासून बघितलं, ते तुम्ही बघितलं नव्हतंत. पण त्या आत कापलेल्या फुलांची चूक माझी. ती मी कबूल करते.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ती जाणार. पत्र्याची पेटी भरून झालीय. तुम्हाला एक वचन देते, आणि ते पाळायला मला लई जड जाणार आहे. गाडीत चढताना मी तिला, परत कधी येणार, असं विचारणार नाही.

तुमच्याशी भांडलेली,
सुमनची आई