अलार्ममधले सेल

दादा,

आग प्रतिबंधाच्या ऑनलाइन कोर्ससाठी बारावीची मार्कशीट, कॅमेरा असलेला लॅपटॉप, सगळं जमवलं. शेवटची अट होती, घरातला धुराचा अलार्म कॅमेऱ्यासमोर वाजवून दाखवायचा. आज कोर्सच्या सरांपुढे मी ऐटीत बटण दाबलं, तर तो ढिम्म! उघडला तर आत सेलच नाहीत. सापडले कुठे? तुझ्या टीव्हीच्या रिमोटात! "घरबसल्या आग विझवणार का गं?" म्हणून मला हसतोस, आणि स्वतः फायर ब्रिगेडचा गणवेश घालून मिरवतोस!

सेल परत बसवून मी कामावर चाललेय. सर संध्याकाळी पुन्हा बघणार आहेत. ते पुन्हा काढलेस आणि माझा प्रवेश गेला, तर गेला. पण तो अलार्म आईच्या पलंगाच्या वर आहे, आणि तिला उठून पळता येत नाही.